'धोका टळला' म्हणजे नेमके काय झाले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शहराच्या पानावर 'अतिधोकादायक इमारत रिकामी. मोठा धोका टळला' अशी ठळक बातमी आहे. छायाचित्रात मीटर काढून नेणारा कर्मचारी, दोन पोलीस आणि गाद्यांच्या वळकट्या दिसतात. टळलेला धोकाही त्याच छायाचित्रात मागे उभा आहे, तळमजला अधिक चार मजल्यांचा.

माणसे बाहेर पडली हे उत्तमच झाले. पण इमारतीला कुलूप लागले की ती आधीपेक्षा वेगाने खराब होते, आणि त्याची कारणे अगदी साधी आहेत. लोक राहत असतात तेव्हा जूनच्या आधी कोणीतरी गच्चीवर जाऊन पावसाच्या पाइपांची तोंडे साफ करतो. रिकाम्या इमारतीत पहिल्या दोन सरींतच पाने आणि कबुतरांची पिसे जाळीवर बसतात आणि गच्चीचे तळे होते. चार इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो. गच्ची धरलेली असते साधारण १५० किलोच्या हिशेबाने. त्यावर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्याच्या चार इंचांचे आणखी दोनशे किलो. पाण्याची जोडणी तोडली म्हणून सगळे खूश असतात, पण वरची टाकी रिकामी केली का, हे कोणी विचारत नाही. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, आणि ते नेमके जिन्याच्या डोक्यावर.

हे पाणी मुरते कुठे? बहुतेक वेळा संडास-मोरीच्या डक्टलगतच्या खांबांत. तिथल्या काँक्रीटचा सळईला गंजापासून वाचवणारा अल्कधर्मी गुण आधीच कार्बोनेशनने, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, संपवलेला असतो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि वरचे कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. १२ मिलिमीटरची सळई ८ ची उरली तर 'एक तृतीयांशच गेली' असे वाटते. हिशेब छेदाच्या क्षेत्रफळाचा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त ताकद गेलेली असते.

मग भंगारवाले. आधी तांब्याच्या तारा आणि नळ जातात, मग अॅल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, शेवटी बिडाचे पाइप. पाइप हिसकून काढला की भिंतीत भोक राहते आणि पुढचा पाऊस तिथून थेट आत. गिरगाव-काळबादेवीकडच्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींत तर सागवानालाच भाव. दाराची चौकट गेली की वरच्या विटा खाली बसतात आणि त्यांच्याबरोबर वरचा मजलाही. सज्जाच्या कोपऱ्यात पिंपळ असतोच. तो वरून छाटून उपयोग नाही, मुळे भिंतीत जाड होतच राहतात.

तर हा 'टळलेला' धोका अशा अवस्थेत किती दिवस उभा राहतो? मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस निघते, इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्गात जाते. सी-१ चा अर्थ रिकामी करा आणि पाडा. पहिला शब्द पाळला जातो, दुसऱ्यावर धूळ बसते. मालक म्हणतो बिल्डर ठरू दे, भाडेकरू म्हणतात करार होऊ दे, आणि पालिका म्हणते मालकाने पाडावी. पालिकेने स्वतः पाडून खर्च मालकाकडून वसूल करावा अशी तरतूद त्याच कायद्यात आहे, हे बहुधा सर्वांना सोयीस्करपणे विसरायला झाले आहे.

भाडेकरूंची भीती मात्र खोटी म्हणता येणार नाही. इमारत पडली की हक्क गेला, असे त्यांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले आहे की इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. त्याच वर्षी उच्च न्यायालयानेही पाडण्यापूर्वी रहिवाशांची यादी आणि प्रत्येकाच्या ताब्यातील क्षेत्रफळ नोंदवण्यास सांगितले. प्रत्यक्षातल्या पंचनाम्यावर मात्र 'एकूण खोल्या १८' एवढेच असते. यात अवघड काय आहे? खोली क्रमांक, मजला, भाडेपावतीवरचे नाव, लेझर मीटरने घेतलेले आतले माप, पोटमाळा असल्यास त्याची उंची, दाराचा फोटो, दोघांच्या सह्या आणि एक प्रत जागच्या जागी भाडेकरूच्या हातात. अठरा खोल्यांना एक दिवस पुरतो. ही प्रत हातात नसते, म्हणूनच चौथ्या दिवशी कोणीतरी मागच्या जिन्याने परत येऊन स्टोव्ह पेटवतो.

ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, खेळ वेगळाच. मालकाचा अहवाल म्हणतो पाडा, रहिवाशांचा म्हणतो दुरुस्त करा, आणि प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. कुर्ल्याच्या नाईक नगरमधली इमारत आधी सी-१ मध्ये होती, नंतरच्या अहवालाने ती दुरुस्तीयोग्य ठरली, आणि २७ जून २०२२ च्या रात्री १९ जणांना घेऊन बसली. रिबाउंड हॅमरचा, म्हणजे पृष्ठभागावर आपटून उसळीवरून काँक्रीटची ताकद सांगणाऱ्या हातोड्याचा, आकडा २५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. तो प्लास्टरवर मारला तर प्लास्टरचीच परीक्षा होते. किती कोअर (तपासणीसाठी कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे) काढले आणि कुठल्या खांबातून काढले, हे न छापता 'ऑडिटनुसार' लिहिणे म्हणजे रक्ततपासणीशिवाय निदान छापण्यासारखे आहे.

टेकूंबद्दलही तेच. 'लोखंडी टेकू लावून आधार दिला' असे आपण लिहिता. टेकू वरपासून जमिनीपर्यंत प्रत्येक मजल्यावर एकाच ओळंब्यात हवा, खाली-वर फळी हवी. दुसऱ्या मजल्यावरच लावून सोडला तर तो वरचे वजन पहिल्या मजल्याच्या दमलेल्या स्लॅबच्या एका बिंदूवर नेऊन ठेवतो. शेजारच्या इमारतीशी भिंत सामाईक असेल तर तिरके टेकू आधी, पाडकाम नंतर. रिकाम्या इमारतीत कोणी राहत नसेल, पण शेजारी राहतात आणि खालून शाळेची मुले जातात.

पाडतानाही घाई नडते. गॅस, वीज आणि ड्रेनेज आधी बंद. बाहेर लोंबणारे सज्जे आणि बाल्कन्या सर्वांत आधी, कारण त्यांना मागच्या स्लॅबचे वजन धरून ठेवते. मागचा भाग आधी फोडला की बाल्कनी रस्त्यावर. मग वरून खाली एकेक मजला: स्लॅब, तुळया, शेवटी खांब. आणि राबिट, म्हणजे फोडलेला राडारोडा, मजल्यावर साठवायचे नाही. मीटरभर ढीग म्हणजे दर चौरस मीटरला दीड टन, आणि राहत्या खोलीची स्लॅब धरलेली असते २०० किलोला. वरच्या मजल्याचा राडारोडा खालच्यावर लोटणारे कंत्राटदार सात पट वजन टाकतात आणि नंतर 'अचानक कोसळली' म्हणतात. सुरक्षित पाडकामाचे भारतीय मानक, आयएस ४१३०, आहेच. निविदेत त्याचा क्रमांक छापलेला असतो, जागेवर कोणी पाहिल्याचे दिसत नाही.

जाता जाता आणखी एक विनंती. त्याच पानावर खाली 'स्लॅब कोसळून महिला जखमी' अशी बातमी आहे, आणि छायाचित्रात स्लॅब जागेवर आहे. पडले ते छताचे प्लास्टर आणि सळईवरचे कव्हर. स्लॅब पडला असता तर खोलीत आकाश दिसले असते. हा शब्द रोज वापरल्यामुळे खरोखर स्लॅब पडेल तेव्हा आपल्याकडे दुसरा शब्द उरणार नाही. आणि कालच्या बातमीतली ती इमारत पाडण्याची तारीख कृपया छापावी. ठरली असेल तर.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, दादर