१००१ वरून १००२ ला

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

वाजला रे फोन! परवा रात्री १००१ वरून १००२ फिरवला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला हँडसेट खणखणला. हाताच्या अंतरावरचा फोन वाजवायला मला ९ दिवस लागले. हसायचं तेवढं हसून घे, कारण तूही तसाच जुना राउटर आणि दोन आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) जमवून बसला आहेस. म्हणून सविस्तर लिहितोय.

वेगळा सर्व्हर लागत नाही, ही यातली गंमत. सिस्कोच्या राउटरमधला कॉल मॅनेजर एक्स्प्रेस हे सॉफ्टवेअर हाच आपला टेलिफोन एक्स्चेंज. मी पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात ईफोन (फोनची नोंद), ईफोन-डीएन (त्याचा नंबर), सगळं लिहून काढलं. दोन फोन, दोन नंबर, झालं काम! फोन मात्र काळाठिक्कर. केबल बदलली, पोर्ट बदलला, स्विचला (या सगळ्या केबली जोडणाऱ्या पेटीला) नाही नाही ते बोललो. चूक माझीच होती. माझा स्विच फोनला नेटवर्क केबलमधूनच वीज देतो ती ८०२.३एएफ पद्धतीने. ते मानक २००३ सालचं. माझे सिस्कोचे ७९४० आणि ७९६० हे फोन त्याआधीच्या पिढीतले, त्यांना सिस्कोची स्वतःची जुनी पद्धतच कळते. शेवटी ४८ व्होल्टचे अडॅप्टर लावले तेव्हा उजेड पडला. तुझे फोन कोणते आहेत, ते आधी उलटे करून बघ.

आता मुख्य गोष्ट. फोन अडला की मी राउटरची कॉन्फिग (सेटिंग) पुन्हा पुन्हा वाचत बसायचो. त्याऐवजी फोनच्या स्क्रीनकडे बघायला हवं होतं. तो एका ठरलेल्या क्रमाने जागा होतो आणि कुठे अडखळला ते स्वतःच सांगतो. आधी स्विच त्याला सीडीपीवरून (सिस्कोची उपकरणं एकमेकांना ओळख देतात ती पद्धत) व्हॉइस व्हीलॅन, म्हणजे आवाजासाठीच्या वेगळ्या कप्प्याचा नंबर, सांगतो. माझ्याकडे डेटाला १० आणि व्हॉइसला २० आहे. मग तो डीएचसीपीकडे (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) आयपी पत्ता मागतो. इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. फोनला आयपी मिळालेला, पिंगला (तपासणीच्या हाकेला) उत्तर येतंय, आणि तरी पुढे हलायला तयार नाही. डीएचसीपी पूलमध्ये ऑप्शन १५० लिहायचा राहिला होता. आपली सेटिंगची फाइल कुठल्या टीएफटीपी (फाइली देणाऱ्या) सर्व्हरकडून घ्यायची, हे त्यातून कळतं. आपल्या बाबतीत तो सर्व्हर म्हणजे राउटरच. पाहुण्याला गावात आणून सोडलं, पण घर कोणतं ते सांगितलं नाही, अशी गत.

त्यानंतर फोन स्वतःच्या नावाची फाइल मागतो: एसईपी आणि पुढे मॅक ॲड्रेसची (फोनच्या कायमच्या ओळख-क्रमांकाची) १२ अक्षरं. ती फाइल ‘क्रिएट सीएनएफ-फाइल्स’ ही कमांड दिल्यावर तयार होते. मी कमांड दिली होती. पहिला फोन लगेच उठला, दुसरा ढिम्म. अखेर टीएफटीपीचं डीबग (आत काय चाललंय ते दाखवणारी नोंद) चालू केलं आणि तो मागतोय ती फाइल आणि मी बनवलेली फाइल शेजारी ठेवून वाचली. मागच्या लेबलावरचा ‘बी’ मी ‘८’ वाचला होता! चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काय. मॅक दुरुस्त केला, फाइल पुन्हा बनवली, फोन रीसेट केला, आणि पोर्ट २००० वर नोंदणी होऊन स्क्रीनवर नंबर उमटला.

एक प्रयोग जरूर कर. दोन्ही फोनवर बोलणं चालू असताना राउटरची नेटवर्क केबल काढ. मुलाला पलीकडच्या खोलीत फोन देऊन मी काढली, आणि तो बडबडतच राहिला. राउटर फक्त गाठ घालून देतो, आवाज एका फोनकडून दुसऱ्याकडे थेट स्विचमधून जातो. होल्डचं बटण मात्र तेव्हा दाबून उपयोग नाही, ते राउटरलाच विचारावं लागतं.

कोडेकचा (आवाज आकड्यांत बसवायच्या पद्धतीचा) फार घोळ घालू नकोस. जी.७११ चा आवाज ६४ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट). सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर आयपी, यूडीपी, आरटीपीची ४० बाइटची हेडरं, म्हणजे ८० केबीपीएस. याच हिशोबाने जी.७२९ चे ८ केबीपीएस २४ वर जातात. म्हणजे आवाज २० बाइट आणि त्याची वेष्टणं ४०! घरातल्या लॅनवर ती काटकसर कशाला?

ती लागेल ती तुझ्या-माझ्या घरांच्या दरम्यान. व्हीपीएन (दोन घरांची नेटवर्क इंटरनेटवरून जोडणारा खाजगी दुवा) जोडलं की मी १००० पासूनचे नंबर ठेवतो, तू २००० पासूनचे घे. व्हॉइसचं सबनेट (आयपी पत्त्यांचा गट) मात्र माझंच उचलू नकोस. माझं १९२.१६८.२०.० आहे, तू १९२.१६८.३०.० घे. दोन्ही सबनेटचे रूट (तिकडे जायची वाट) दोन्ही राउटरवर हवेत; एका राउटरवर टाकायला विसरलो, तर घंटा वाजेल, पण एकाचंच बोलणं ऐकू येऊ शकतं. त्यात मी ऐकणारा ठरणार, हे सांगायला नको.

माझ्या बाजूचा डायल-पीअर (कुठला नंबर कुठे पाठवायचा तो नियम) लिहून तयार आहे. नंबराच्या जागी २ आणि पुढे तीन टिंबं टाकली आहेत, म्हणजे तुझा कुठलाही नंबर चालेल. टार्गेटची ओळ तेवढी रिकामी आहे. तुझ्या राउटरचा आयपी कळव.

तुझाच,
१००१