'पूर्ववत' हे कुणाला विचारून लिहिलंत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला प्रतिबंधात्मक स्तनशस्त्रक्रियेवरचा लेख रात्री वाचला. झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले. लेखातले आकडे बरोबर आहेत, हे आधी सांगते. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही स्तन आधीच काढले तर ती जवळजवळ ९० टक्क्यांनी कमी होते, हे मलाही पाठ आहे. अँजेलिना जोलीने २०१३ साली स्वतःच्या ऑपरेशनबद्दल उघडपणे लिहिलं, त्याचा मला तेव्हा मोठा आधार वाटला होता. पण तुमच्या लेखाच्या शेवटी 'वैवाहिक आयुष्य पूर्ववत सुरू होते' असं एक वाक्य आहे. माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

माझं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. आई बेचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी त्याच्याही आधी. मला पश्चात्ताप नाही. उद्या पुन्हा ठरवायची वेळ आली तरी मी हेच ठरवीन. हे मुद्दाम लिहिते, कारण माझं पत्र वाचून कुणी घाबरून मागे फिरू नये.

ऑपरेशनआधी सर्जनकडे दोनदा बसलो. काढलेल्या स्तनाच्या जागी बसवायचं इम्प्लांट कोणत्या मापाचं, टाके कुठे येतील, स्तनाग्र राखता येईल का, सगळं बोलणं झालं. फोटो दाखवले. 'बाहेरून कुणाला कळणारही नाही' असं सांगितलं, आणि खरंच कळत नाही. मला स्वतःला काय जाणवेल, हे मात्र कुणी काढलं नाही. शेवटी मीच धीर करून विचारलं, की नवरा-बायकोच्या संबंधांत नंतर काही फरक पडतो का. फायलीतून मान वर न करता उत्तर आलं, "मुलं झाली आहेत ना तुम्हाला?" नवरा शेजारीच बसला होता, तो खाली बघत राहिला. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. तेव्हा गप्प बसले, याचा मला आजही राग येतो.

चार महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा जवळ आलो. नवऱ्याचा हात माझ्या स्तनावर आहे, हे मला दिसलं म्हणून कळलं. डोळे मिटले की तो हात नाहीसा व्हायचा. मला दुखेल म्हणून तो बिचारा अगदी हलका हात ठेवत होता. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मी गळ्याच्या हाडापासून बोट खाली खाली आणत गेले. चार बोटं अंतरापर्यंत नीट कळत होतं, मग पुसट, आणि मग दुसऱ्याच कुणाच्या अंगाला हात लावावा तसं. ती कड मला आजही डोळे मिटून दाखवता येईल.

याचं कारण काही गूढ नाही. त्या कातडीला स्पर्श पोचवणाऱ्या बारीक नसा बरगड्यांच्या मधून निघून बऱ्याच अंशी स्तनाच्या आतूनच वर येतात. आतलं सगळं काढताना त्या कापल्या जातात, वरची कातडी आणि स्तनाग्र कितीही जपलं तरी. काहींना वर्षा-दोन वर्षांत थोडी जाणीव परत येते, पूर्वीसारखी क्वचितच. काही सर्जन आता नसा जोडण्याचाही प्रयत्न करतात. हे सगळं मला नंतर, वेटिंग रूममध्ये भेटलेल्या एका पेशंटकडून कळलं. आधी कळलं असतं तरी ऑपरेशन केलंच असतं. पण आदली रात्र आम्ही दोघांनी वेगळी घालवली असती.

पुढे अंडाशयंही काढली. बीआरसीए-१ असेल तर साधारण ३५ ते ४० वयात तोही सल्ला देतात. पाळी एका दिवसात संपली. कोरडेपणा आला, संबंधांच्या वेळी आग व्हायची, इच्छाच होईना. यावर इस्ट्रोजेनचं मलम असतं, आणि कॅन्सर झालेला नसेल तर बहुतेकींना हार्मोन्सही घेता येतात. दीड वर्ष मी समजत होते की माझंच मन उडालं, आणि तोही तेच समजत होता. एका चिठ्ठीवर लिहून देण्याएवढी ही गोष्ट.

हे डॉक्टरांना माहीत नसतं असंही नाही. स्तनाच्या ऑपरेशनच्या पेशंटना द्यायची ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली २००९ पासून आहे, तिच्यात लैंगिक आयुष्याचा वेगळा भाग आहे. अशा ऑपरेशनांवरच्या पाहण्यांचा एक आढावा २०१६ साली आला. बहुतेक बायका निर्णयाबद्दल समाधानी आहेत, पण लैंगिक सुख आणि स्पर्शाची जाणीव याच दोन बाबतींत सगळ्यात जास्त नुकसान झालं, असं त्यात आहे. मग 'पूर्ववत' कुठून आलं? लेखिकेने निदान एका बाईला खोलीचं दार लावून विचारायचं होतं.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते. गेल्या वर्षी तुमच्या डॉक्टरांच्या सदराला मी हाच प्रश्न पाठवला होता. छापून आला तेव्हा 'स्तन'च्या जागी 'छाती' होतं, संबंधांबद्दलची दोन वाक्यं गाळली होती, आणि उत्तरात मला सकस आहार आणि प्राणायाम सुचवला होता. तो अंक मी आईच्या रिपोर्टांच्या फायलीत ठेवला आहे.

हे पत्र छापलंत तर एकही शब्द बदलू नका. नाव मात्र छापू नये. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तुमचा पेपर रोज वाचते. तिच्यात हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे आणि तिची तपासणी अजून व्हायची आहे. यातलं सगळं तिला मी स्वतः, समोर बसून सांगणार आहे.

आपली,
एक वाचक