दोष गिरणीचा नव्हे, पेरणीचा

महोदय,

लालबागमध्ये माझी पिठाची गिरणी आहे. पोळ्या बिघडल्या की गिऱ्हाईक जात्याला बोल लावतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला बागायती गहू थंडीत भरतो; डिसेंबर उलटून पेरलेल्याला दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं. पिष्ट म्हणजे स्टार्च कमी साठतं, दाणा सुरकुततो, कोंडाच जास्त निघतो. गंमत म्हणजे अशा गव्हात प्रथिनांची टक्केवारी उलट चढलेली दिसते! व्यापारी गोणीवर गव्हाची जात छापतात, पेरणीचा महिनाही छापावा.

– एक पीठगिरणीवाला, लालबाग, मुंबई