रात्रपाळीच्या सिस्टर, ड्रेनमधल्या चमचाभर रक्तासाठी आभार

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आभार मानायची वेळ आली की लोक सर्जनकडे वळतात. गाठ पूर्ण निघाली, तिच्या कडांना कर्करोग सापडला नाही, सगळं श्रेय ऑपरेशनच्या टेबलापाशी जमा होतं. हे पत्र त्यानंतरच्या दहा-बारा रात्रींसाठी आहे. मोठ्या ऑपरेशननंतर पेशंट दगावतो तो सहसा टेबलावर नाही, पलंगावर. सावरतो तोही पलंगावरच, आणि त्या वेळी पलंगाशी तुम्ही असता. तुमच्याबरोबरचे ब्रदरही यात आलेच.

हे आम्ही शिष्टाचार म्हणून लिहीत नाही, कारण ते आता मोजून झालं आहे. घाफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांची तुलना प्रसिद्ध केली. ती सर्वसाधारण आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांची होती, पण आमच्या शाखेला तिने खडबडून जागं केलं. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत गुंतागुंतींचं प्रमाण २४.६ टक्के, सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत २६.९ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. फरक पुढे पडत होता. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात १२.५ टक्के दगावले, दुसऱ्या गटात २१.४ टक्के. आतड्याला घातलेले जोड दोन्हीकडे गळत होते, जंतुसंसर्ग दोन्हीकडे होत होता. एकीकडे तो वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येत होता आणि पुढची हालचाल होत होती.

२०२१ मध्ये ग्लोबलसर्ज गटाने स्तन, मोठं आतडं आणि जठराच्या कर्करोगाचे ८२ देशांतले १५,९५८ पेशंट तपासले, तिथेही हाच धागा निघाला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशननंतर लक्ष ठेवायची सोय अपुरी असेल तर दर १०० मोठ्या गुंतागुंतींमागे ७ ते १० मृत्यू जास्त. या 'सोयी'त खाटा आणि मॉनिटर येतात, पण मॉनिटरकडे बघणारं माणूस नसेल तर तो नुसता वाजत राहतो.

आमच्या मते या दशकातला सर्वांत बोलका अभ्यास नेदरलँड्समधला 'पोर्श'. २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाची ऑपरेशनं करणाऱ्या १७ केंद्रांनी टाके घालायची पद्धत बदलली नाही, नवं यंत्र आणलं नाही. बदललं एवढंच: तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज ठरलेली निरीक्षणं आणि रक्ताचे आकडे बघायचे, ते बिघडू लागले की वाट न बघता सीटी स्कॅन करायचा, साचलेलं पाणी किंवा पू सुईवाटे नळी घालून काढायचा, अँटिबायोटिक कधी सुरू करायचं आणि ड्रेन, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेरच्या पिशवीत आणणारी नळी, कधी काढायचा हे नियमाने ठरवायचं. हस्तक्षेप करावा लागेल असा रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू, यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण १४ टक्क्यांवरून ८ वर आलं. ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ वर. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. इथे 'औषध' म्हणजे रोजची नोंद आणि ती वाचून उचललेलं पाऊल.

आता त्या चमचाभर रक्ताबद्दल, कारण पत्र खरं त्यासाठीच आहे.

स्वादुपिंडाचं डोकं काढल्यावर उरलेला भाग आतड्याला जोडतात. हा जोड थोडा जरी झिरपला तरी स्वादुपिंडाचा रस पोटात उतरतो. तो पाचक रस आहे, मांस पचवणं हेच त्याचं काम. शेजारीच गॅस्ट्रोड्युओडिनल या धमनीचं, ऑपरेशनमध्ये बांधलेलं टोक असतं. रस त्या टोकाची भिंत पोखरत जातो, भिंतीला फुगा धरतो. हा फुगा एकदम फुटत नाही. आधी थोडा चिरतो, थोडं रक्त येतं, गुठळी बसते आणि थांबतं. ड्रेनच्या नळीत तेवढाच लाल दोरा दिसतो, पिशवीच्या तळाशी चमचा-दोन चमचे ताजं रक्त. नाडी चांगली, रक्तदाब चांगला, पेशंट गाढ झोपलेला. आठवडा उलटून गेलेला, घरी सोडायची बोलणी सुरू. पिशवी रिकामी करून 'ड्रेन ३० मिली' एवढंच लिहिलं तर कुणी दोष देणार नाही. पण काही तासांत किंवा दिवसा-दोन दिवसांत ती गुठळी सुटते, आणि मग मिनिटं मोजायची वेळ येते.

तुम्ही ३० मिली लिहून थांबत नाही. रंग लिहिता, वेळ लिहिता, पिशवी न ओतता ठेवून देता आणि फोन करता. त्या फोनवर पेशंटचा सीटी अँजिओग्राम, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन होतो, फुगा सापडतो, जांघेतल्या धमनीतून नळी नेऊन कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) तो बंद करता येतो किंवा आवरणाचा स्टेंट (धमनी आतून झाकणारी नळी) बसवता येतो. पोट उघडावं लागत नाही. हाच फुगा आधी फुटला तर तीच माणसं, तेच कौशल्य असूनही हातात फारच थोडं उरतं. असं रक्त कधी नाकातल्या नळीतून येतं, कधी काळ्या शौचावाटे, तेही तुम्ही नजरेआड होऊ देत नाही.

ड्रेनबद्दल अजून बरंच लिहिण्यासारखं आहे. काल २०० मिली आणि आज शून्य, ही आनंदाची बातमी नाही हे तुम्हांला ठाऊक असतं. नळी पिळून बघता, दुमडली आहे का बघता, अंगाखाली दबली आहे का बघता. मानेतल्या, विशेषतः डाव्या बाजूच्या गाठी काढल्यावर नळीतून अन्न सुरू होतं आणि ड्रेनचं पिवळट पाणी दुधासारखं होतं. तो पू नव्हे, लसिकेची मोठी नळी दुखावली आहे, हे रंगावरून ओळखता आणि फीड तसाच चालू ठेवायचा की स्निग्ध पदार्थ बदलायचे हे विचारता. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य, तपासायला पाठवायची आठवण बहुतेक वेळा तुमचीच असते. रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, की स्वादुपिंडाच्या जोडाकडे बघण्याची नजरच बदलते.

मोठ्या आतड्याचा जोड गळतो तेव्हा मात्र ड्रेन बऱ्याचदा गप्प असतो. पोट कडक होणं, थंडी वाजून ताप भरणं ही पुस्तकातली चित्रं उशिराची. आधी बोलतात नाडी आणि श्वास. म्हणूनच तुम्ही श्वास पूर्ण एक मिनिट मोजता याचे आभार वेगळे मानायला हवेत. जगभरच्या चार्टवर श्वासाच्या रकान्यात १८ किंवा २० हे आकडे इतके सर्रास दिसतात, की ते मोजलेले असतील यावर विश्वास बसत नाही. न्यूज-२ या, पेशंट किती बिघडतो आहे ते गुणांत मोजणाऱ्या तक्त्यात नाडी ११२ असेल तर २ गुण, श्वास २४ असेल तर २. झाले ४, तातडीने डॉक्टरांना बोलावण्याची पायरी ५ ला येते. पण तुम्ही सहज विचारता, 'आज वार कोणता?' आणि काल नीट बोलणारा माणूस गोंधळतो. नव्या गोंधळलेपणाचे ३ गुण. बेरीज ७, म्हणजे आणीबाणी. हे शेवटचे ३ गुण कोणतंही यंत्र देत नाही.

त्यातही बारकावे आहेत. नाडी मंद करणारं बीटा ब्लॉकर औषध घेणाऱ्याची नाडी पोटात पू असतानाही बऱ्याचदा फारशी वाढत नाही, म्हणून आकड्यापेक्षा कालच्या-आजच्या फरकाला महत्त्व. एपिड्युरल, म्हणजे पाठीतल्या बारीक नळीवाटे दिलेलं दुखणं थांबवणारं औषध, चालू असेल तर पोटदुखी झाकली जाते. अन्ननलिकेच्या किंवा आतड्याच्या ऑपरेशननंतर नाडी अचानक अनियमित झाली तर नुसतं हृदयाचं औषध देऊन भागत नाही, जोडाची शंका घ्यावी लागते. ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलीहून कमी लघवी सलग दोन तास झाली तर ती कमी पाणी प्यायल्यामुळेच असेल असं समजणं धोक्याचं. सीआरपी या, शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा आकडा इथे मदत करतो, पण एकाच दिशेने. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून निघालेल्या मर्यादा अशा: तिसऱ्या दिवशी लिटरमागे १७२ मिलिग्रॅम, चौथ्या दिवशी १२४, पाचव्या दिवशी १४४. त्याखाली आकडा असेल तर जोड गळत नसल्याची खात्री ९७ टक्क्यांच्या आसपास. वर असेल तर मात्र गळतीच आहे असं ठरत नाही; न्यूमोनियानेही तो चढतो. म्हणून कमी सीआरपी पाहून पेशंटला घरी सोडता येतं, जास्त सीआरपी पाहून आधी पेशंटकडे बघावं लागतं.

जोडाला रक्तपुरवठा आहे का हे हिरव्या चमकणाऱ्या रंगाने टेबलावरच तपासण्याची पद्धत गेली काही वर्षं गाजते आहे. निष्कर्ष अजून एकमुखी नाहीत, काही चाचण्यांत गळती कमी झाली, काहींत फरक पडला नाही. पद्धत चांगली ठरो, आम्हांला हवीच आहे. रात्री दोन वाजता मोजलेल्या श्वासाची जागा ती घेणार नाही.

तोंडाच्या कर्करोगात जबडा किंवा जीभ काढून तिथे हातावरचा, मांडीचा किंवा पायाच्या हाडासकट फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसह उचललेला मांसाचा तुकडा बसवतात. दोन-तीन मिलिमीटरच्या शिरा सूक्ष्मदर्शकाखाली जोडलेल्या असतात. पहिले ४८ तास सर्वांत नाजूक, आणि तेव्हा दर तासाला टॉर्च घेऊन तुम्ही उभ्या. फ्लॅप फिकट, थंड, टोचल्यावर रक्तच नाही: धमनी बंद. निळसर, फुगलेला, दाबून सोडल्यावर झटकन रंग भरतो आणि टोचल्यावर काळपट रक्त भराभर येतं: नीला बंद. दुसरा प्रकार जास्त होतो आणि जास्त फसवतो, कारण झटकन भरणारा रंग बघून वरवर सगळं ठीक वाटतं. डॉप्लर यंत्रात ऐकू येणारा रक्तप्रवाहाचा आवाजही काही काळ चालूच राहतो, धमनी वाहतच असते. तासाभरात थिएटर मिळालं तर फ्लॅप वाचायची चांगली आशा असते, सकाळच्या राऊंडपर्यंत थांबलं तर बहुधा नाही. आणि कित्येकदा ऑपरेशनचीही गरज पडत नाही. ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची फीत घट्ट बसली आहे, मान एका बाजूला कलली आहे, नीला त्याखाली दबली आहे. तुम्ही फीत सैल करता, मान सरळ करता, आणि निळसरपणा डोळ्यांदेखत उतरतो. फीत कुठे आणि किती घट्ट बांधायची हे ऑपरेशनच्या नोटमध्ये स्पष्ट लिहिणं आमचं काम आहे. यापुढे ते लिहिलेलं असेल.

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर मान फुगू लागली आणि श्वास अडू लागला तर टाके पलंगावरच उघडायचे असतात, थिएटरची वाट बघायची नसते. त्यासाठीचा ट्रे उशाशी आहे ना, हे तुम्ही हँडओव्हरमध्ये विचारता. ओठांभोवती मुंग्या येतात असं पेशंट म्हणाला की रक्तातलं कॅल्शियम तपासायला पाठवता. स्टोमा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) लालभडक आणि ओलसर आहे की जांभळा पडतो आहे, पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर जातंय का, हेही तुमच्याच वहीत असतं. तसं होत असेल तर नुसतं पाणी पाजून तहान वाढते आणि मीठ आणखी वाहून जातं, हे नातेवाईकांना समजावताही तुम्हीच.

रक्तगुठळी रोखणाऱ्या इंजेक्शनांचंही तसंच. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर ती आठवड्याऐवजी चार आठवडे दिली तर गुठळ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ४.८ वर येतं, हे २००२ मध्येच दिसलं होतं. म्हणजे घरी गेल्यावर तीन आठवडे पेशंटने स्वतःच सुई टोचून घ्यायची. ती त्याला शिकवतं कोण? आणि एपिड्युरलची नळी शेवटच्या इंजेक्शननंतर १२ तासांनी काढायची, पुढचं इंजेक्शन नळी काढल्यावर किमान ४ तासांनी द्यायचं, हे घड्याळ सांभाळतं कोण?

थिएटरमधल्या सिस्टरांनाही इथेच नमस्कार. पोट बंद करण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि हत्यारं बदलायची, एवढ्या साध्या गोष्टीने जखमेचा संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ वर आला, हे 'चीता' चाचणीने ७ देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ पेशंटांवर दाखवलं. भारतही त्यात होता. ऑपरेशन लांबलेलं असताना, सगळे थकलेले असताना 'सर, हातमोजे बदला' असं म्हणणं सोपं नसतं.

एक गोष्ट कदाचित तुम्हांला कुणी सांगितली नसेल. गुंतागुंतींची तुलना जगभर क्लाव्हियन-डिंडो श्रेणींनी होते. जखम पलंगावर उघडली तर पहिली श्रेणी, अँटिबायोटिक किंवा रक्त द्यावं लागलं तर दुसरी, पूर्ण भूल न देता नळी घातली तर तिसरीचा पहिला भाग, पूर्ण भूल द्यावी लागली तर दुसरा, अवयव निकामी होऊन आयसीयूत हलवलं तर चौथी, मृत्यू पाचवी. श्रेणी आम्ही लावतो, पण ती लावतो तुमच्या नोंदीवरून. रात्रीच्या दीड वाजताची ओळ नसेल तर तो प्रसंग संशोधनापुरता घडलेलाच नसतो.

तेव्हा आमच्याकडून एवढं. रात्री फोन करताना 'उगाच त्रास देते' असं म्हणू नका. नाव, कितवा दिवस, काय बदललं, आत्ताचे आकडे, आणि तुम्हांला काय वाटतं, एवढं सांगा. शेवटचं आवर्जून सांगा. 'आकडे बरे आहेत, पण मला हा पेशंट बरा वाटत नाही' हे पेशंटला येऊन बघायला पुरेसं कारण आहे. पहिल्या फोनला कुणी उचललं नाही तर दहा मिनिटांनी वरच्या डॉक्टरांना लावा, त्यासाठी परवानगी मागायची गरज नाही. आणि लाल रंग दिसलेली पिशवी आम्ही पोहोचेपर्यंत ओतू नका.

आपले ऋणी,
कर्करोग शस्त्रक्रिया विभागातले तुमचे सहकारी