सूचना : छतावरील सौर वीज – स्मार्ट योजनेचे अर्ज

ग्रामसंघातील सर्व ताईंना नमस्कार.

दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी, तसेच महिन्याला १०० युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्या इतर घरांसाठी महावितरणच्या ‘स्मार्ट’ योजनेचे अर्ज आपण एकत्र भरणार आहोत. येत्या रविवारी सकाळी १० वाजता समाजमंदिरात या.

छतावरील एक किलोवॉटच्या सौर संचाचा खर्च सुमारे ५०,००० रुपये. केंद्राचे ३०,००० रुपये अनुदान सर्वांना. त्यावर राज्याचे दारिद्र्यरेषेखालील घरांना १७,५००, म्हणजे त्यांना भरायचे फक्त २,५००. इतरांना भरावे लागतील १०,०००, अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५,०००. महिन्याला साधारण १२० युनिट वीज तयार होते. पंखा, दिवे, टीव्ही आरामात चालतील.

सोबत आणा :
- ताजे वीजबिल. थकबाकी असेल तर आधी भरा. बिल अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर असेल तर नाव बदलण्याचा अर्ज आजच करा, बऱ्याच जणींचे तिथेच अडते.
- आधार कार्ड, बँक पासबुक, असल्यास दारिद्र्यरेषेचा दाखला
- छताचा मोबाईलवर काढलेला फोटो. झाडाची सावली कुठवर येते ते दिसू द्या

प्रथम येणाऱ्यास प्राधान्य आहे, उशीर नको. दारात येऊन कोणी रोख पैसे किंवा ओटीपी मागितला तर अजिबात देऊ नका, लगेच मला कळवा.

– सचिव, ग्रामसंघ