खिडकीतल्या आजीच्या हातात भडंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांवरचा लेख वाचला आणि त्याच्या शेजारचा फोटो पण बघितला, खिडकीचा गज धरून बाहेर बघत बसलेली आजी, तोंड एवढंसं झालेलं. लेख चांगला होता, खोटं कशाला बोलू, काहींचे खरंच हाल होतात. पण तो फोटो बघून माझ्या मुलीचा पुण्याहून फोन आला, नणंदेचा मिरजेहून आला, आणि समोरच्या वहिनी तर वाटीभर खीर घेऊन दारात उभ्या. आता खीर आली त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी मीपण खिडकीतच बसते हो, फक्त हातात भडंगाचा डबा असतो, लसूण जरा जास्तच घातलेलं, आणि पाय समोरच्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर आता माणूस बसत नाही, ती पायांचीच झालीय.

मी ६४ वर्षांची, शाळेत क्लार्क होते, मिस्टर २०१७ साली गेले. आठवण रोज येते, ते वेगळं. पण ३४ वर्षांच्या संसारात सकाळचा पेपर मला घडी न मोडलेला एकदाही मिळाला नव्हता, आधी सासरे, मग हे, मग वरच्या मजल्यावरून कोणीतरी नेणार, माझ्या हातात यायचा दुपारी दोनला, त्यावर कपाचा गोल डाग आणि मधलं पान मुलीच्या वहीला कव्हर म्हणून गेलेलं. आता कडी काढली की पेपर माझा. चहा घेते, पानं पाहिजे तशी पसरते, अगदी पलंगभर, आणि दुपारपर्यंत उचलत नाही.

जेवणाची लोकांना फार काळजी. "रात्री काय केलंत?" काय करणार, दूध-पोहे खाल्ले. परवा रात्री साडेदहाला वाटलं म्हणून वाटीभर रव्याचा शिरा केला आणि गॅसजवळ उभं राहून कढईतूनच खाल्ला, ताट नाही वाटी नाही, आणि खालची खरवड पण मीच खरवडून खाल्ली, जी इतकी वर्षं मुलीची ठरलेली होती. साय ह्यांची, खरवड तिची, माझ्या वाट्याला भांडं घासणं. १४.२ किलोचं सिलेंडर मला चार-साडेचार महिने जातं, एजन्सीचा पोरगा विचारतो, "काकू, जेवता की नाही?" जेवते की बाबा, तूच बघ माझ्याकडे! लाइटचं बिल शंभर युनिटच्या आत. कुकरशी बोलते मी, "झाली का रे तिसरी?" म्हणून विचारते, कारण शिट्ट्या मोजायला दुसरं कोणी नाही आणि मी मध्येच विसरते.

बाथरूमचं दार लावायची सवय गेलीय हे छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दिवाळीत भाऊ-भावजय आले तेव्हा पहिल्याच सकाळी फजिती होता होता राहिली.

अडचणी नाहीत असं नाही. पाठीच्या बरोबर मध्यभागी बाम लावायला हात पोचत नाही, तर मी लाटण्याला फडकं गुंडाळून त्यावर बाम घेते (ते लाटणं वेगळं ठेवलंय, घाबरू नका). गेल्या वैशाखात विश्रामबागला लग्न होतं, तन्मणी घालायची हौस आली, तर मागचा दोरा काही केल्या बांधता येईना. शेवटी शेजारचा तिसरीतला मुलगा बोलावला, त्याने जीभ बाहेर काढून मन लावून अशी मारगाठ मारली की लग्न झालं, जेवण झालं, रात्री घरी आले तरी ती सुटेना. तन्मणी घालूनच झोपले, मोती रात्रभर टोचत होते, आणि सकाळी तोच मुलगा कात्री घेऊन आला. दोरा कापायचे त्याने लिमलेटच्या चार गोळ्या घेतल्या.

आणि फ्लॉवर! मंडईत अर्धा गड्डा मागितला की भाजीवाली माझ्याकडे बघते जसं काय मी तिची अर्धी म्हैस मागितली. अख्खा आणला की सोमवारी भाजी, मंगळवारी भाजी, बुधवारी पराठे आणि गुरुवारी त्याचं तोंड बघवत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर एक रिटायर्ड मास्तर राहतात, तेही एकटेच, त्यांच्याशी करार केलाय, एक गड्डा, दोन घरं, पैसे निम्मे निम्मे. दर शनिवारी मी जिन्यात उभी राहून विळीवर कापलेला अर्धा त्यांच्या पिशवीत टाकते. यावर आमच्या अपार्टमेंटमध्ये कुजबूज सुरू आहे असं कळलं. असू दे. पुढच्या आठवड्यात कोबीचं पण ठरतंय.

२०१९ च्या महापुराचं सांगते. इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे, म्हणजे गावभागात आमच्या तळमजल्याचं काय झालं असेल बघा. पोरं बोट घेऊन आली, "आजी, चला की लवकर, घरात अजून कोण हाय?" मी म्हटलं कोणी नाही, फक्त पासबुक, रेडिओ आणि भडंग. तिन्ही घेऊन बसले. मग महिनाभर लेकीकडे. लेक, जावई गुणी आहेत, काही म्हणजे काही कमी नव्हतं, पण तिथे फॅन दोनवर, टीव्हीवर कार्टून, रात्री अकराला स्वयंपाकघरात लाइट लावला की तिघं उठून विचारणार "काय झालं? बरं वाटत नाही का?" अहो, शिरा करायचा होता. पाणी ओसरल्यावर परत आले तर घरात गुडघाभर चिखल, पंधरा दिवस काढत होते, गादी गेली, कपाट फुगलं, रडले पण. तरी पहिल्या रात्री उघड्या फरशीवर सतरंजी टाकून फॅन पाचवर केला.

तर मागणं एवढंच, पुढच्या वेळी एकट्या माणसांवर लेख कराल तेव्हा फोटोग्राफरला आमच्याकडे पाठवा, खिडकी आहे, मी आहे, भडंग देईन. आणि मंडईतल्या अर्ध्या गड्ड्याचा विषय कोणीतरी लावून धरावा, गावात एकटी-दुकटी माणसं काय कमी आहेत का.

आपली,
एक रोजची वाचक, गावभाग, सांगली

ता.क. शब्दकोड्याची उत्तरं त्याच पानावर खाली उलटी छापता ती कृपया दुसऱ्या दिवशी छापा. घरात बघायला कोणी नाही, मी पेपर उलटा करते.