बंद लोहमार्ग मोडीत काढण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजस्थानात नावा परिसरात ‘आरडीएसओ’ या रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या, ताशी २२० किलोमीटरपर्यंतच्या वेगाच्या चाचणी-मार्गाचे वृत्त आपल्या दैनिकात वाचले. या निमित्ताने इंग्लंडमधील ओल्ड डॅल्बी या चाचणी-मार्गाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

लंडन–नॉटिंगहॅम जलद गाड्यांसाठी ‘मिडलंड रेल्वे’ कंपनीने बांधलेल्या या मार्गावर १८७९ मध्ये मालगाड्या आणि १८८० मध्ये प्रवासी गाड्या धावू लागल्या. १९६८ मध्ये तो वाहतुकीस बंद झाला. मात्र मेल्टन मोब्रे ते एडवॉल्टन हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा ‘ब्रिटिश रेल’च्या संशोधन विभागाने उखडू दिला नाही, कारण वळणावर आतल्या बाजूस कलणाऱ्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’च्या चाचण्यांसाठी त्यांना मोकळा मार्ग हवा होता. चालू मार्गावर चाचणी घ्यायची म्हणजे ब्लॉक (मार्ग ठरावीक वेळ मोकळा ठेवण्याची परवानगी) मागायचा, इतर गाड्या थोपवायच्या आणि दिलेल्या तासाभरात काम उरकायचे, हे भुसावळकरांना वेगळे सांगायला नको. आपल्याकडे २०१८ मध्ये ‘ट्रेन १८’ची (पुढची ‘वंदे भारत’) ताशी १८० किलोमीटर वेगाची चाचणी कोटा विभागात झाली, तीही प्रवासी वाहतुकीच्या मार्गावरच.

जगाला हा मार्ग ठाऊक आहे तो १७ जुलै १९८४ च्या टकरीमुळे. वापरलेले अणुइंधन वाहून नेणारे पोलादी पात्र रुळांवर आडवे ठेवून त्यावर तीन डब्यांसह एक चालकविरहित डिझेल इंजिन ताशी १६० किलोमीटर वेगाने आदळवण्यात आले. इंजिनाचा चुराडा झाला, पात्र अभेद्य राहिले. (पात्रात अर्थातच इंधन नव्हते.) ही चाचणी जितकी संशोधनासाठी, तितकीच जनतेची भीती घालवण्यासाठीही होती, असे माझे मत आहे. मार्गाचे खरे श्रेय मात्र नंतरच्या, कोणी पाहायला न गेलेल्या कामात आहे: ‘पेंडोलिनो’ या वळणावर कलणाऱ्या गाड्यांसाठी तेथे २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर टाकली गेली आणि पुढे लंडनच्या भुयारी गाड्यांसाठी दोन जादा वीजवाहक रूळही बसवण्यात आले. १९६८ मध्येच भंगारात गेलेल्या मार्गावर यांपैकी काहीच शक्य झाले नसते.

यावरून आपल्या पाचोरा–जामनेर मार्गाची चाचणी-मार्ग म्हणून मागणी कोणी करू नये, पी.जे. रेल्वेचे रुंदीकरण प्रवाशांसाठी होत आहे आणि तो मार्ग त्यांचाच राहिला पाहिजे. माझे म्हणणे वळणे सरळ करताना किंवा नवे मार्ग टाकताना वगळल्या जाणाऱ्या ब्रॉडगेजच्या जुन्या टप्प्यांपुरते आहे. अशा टप्प्याचे रूळ काढण्याचा आणि जमीन तुकड्यातुकड्यांनी देण्याचा निर्णय केवळ विभागीय पातळीवर न घेता, चाचणीसाठी तो उपयोगी आहे काय, हे ‘आरडीएसओ’ला आधी लेखी विचारण्याची पद्धत रेल्वे बोर्डाने घालून द्यावी.

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ